सगळी चाके वळणारी वाहने आखलेल्या मार्गावर कशी चालतात

साध्या मोटारीला रस्त्यावर नीट ठेवायचे तर नियंत्रणासाठी दोनच गोष्टी हाती असतात: पुढच्या चाकांचा कोन आणि गाडीचा वेग. मागची चाके वळत नाहीत, त्यामुळे गाडीचे तोंड जिकडे असेल, साधारण तिकडेच गाडी जाते. तोंडाची दिशा आणि प्रवासाची दिशा यांची ही गाठ इतकी सवयीची झाली आहे की त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे सहसा लक्षातही येत नाही. ज्या वाहनात प्रत्येक चाकाला वळवणारी स्वतंत्र मोटर आणि फिरवणारी स्वतंत्र मोटर असते, तिथे मात्र ही गाठ सुटते. असे वाहन तोंड उत्तरेकडे ठेवून ईशान्येकडे सरकू शकते, थेट आडवे जाऊ शकते किंवा जागच्या जागी स्वतःभोवती फिरू शकते.

चार चाकांच्या अशा वाहनाला एकाच वेळी आठ आज्ञा द्याव्या लागतात, म्हणजे चार कोन आणि चार चाकांचा जोर. सपाट जमिनीवर वाहनाच्या मूळ हालचाली मात्र तीनच असतात: पुढे-मागे जाणे, आडवे जाणे आणि स्वतःभोवती वळणे. तीन हालचालींसाठी आठ आज्ञा म्हणजे पाच जादा, आणि मार्गानुसरणाच्या, म्हणजे आखलेल्या मार्गावर वाहन ठेवण्याच्या, या शाखेतला खरा कस त्या पाच जादा आज्ञांपाशी लागतो. आठही आज्ञा एकमेकींशी जुळल्या तर वाहन साध्या मोटारीला अशक्य असलेल्या गोष्टी सहज करते. त्या जुळल्या नाहीत तर चाके एकमेकांविरुद्ध जोर लावतात, टायर घासतात, सांध्यांवर ताण येतो आणि वाहन मार्गावरून ढळते.

ही वाहने केवळ प्रयोगशाळेत आहेत असे नाही. पुलांचे तुळे, जहाजांचे भाग किंवा कारखान्यांची अवजड यंत्रे वाहून नेणाऱ्या अनेकचाकी स्वयंचलित वाहकांत सगळ्या चाकजोड्या वळतात. बंदरांत कंटेनर हलवणारी अनेक चालकविरहित वाहने पुढून आणि मागून दोन्हीकडून वळतात. मंगळावरच्या पर्सिव्हिअरन्स या बग्गीला सहा चाके आहेत; सहाही चाकांना स्वतंत्र मोटर आहे आणि कोपऱ्यांतली चार चाके वळतात. जर्मनीच्या डीएलआर या अंतराळ संशोधन केंद्राने बनवलेल्या रोमो नावाच्या प्रायोगिक विजेच्या गाडीत प्रत्येक चाक एका बाजूला सुमारे ९५ अंशांपर्यंत वळते, त्यामुळे ती आडवीही चालवता येते. सर्वसाधारण मोटारींत याची सौम्य आवृत्ती १९८७च्या होंडा प्रिल्यूडपासून दिसते. तिची मागची चाके यांत्रिक जोडणीने वळत: स्टिअरिंग थोडे फिरवले तर पुढच्या चाकांच्याच दिशेने आणि जास्त फिरवले तर उलट दिशेने.

मार्गानुसरण म्हणजे नेमके काय, हे आधी स्पष्ट करायला हवे, कारण त्याची नेहमी दुसऱ्याच एका कामाशी गल्लत होते. अमुक सेकंदाला वाहन अमुक ठिकाणी असले पाहिजे, अशी वेळेशी बांधलेली अपेक्षा ठेवली तर त्याला कालबद्ध अनुसरण म्हणता येईल. मार्गानुसरणात वेळेची ही अट काढून टाकलेली असते. वाहनाने आखलेल्या रेषेवर यावे, तिच्यावर राहावे आणि ठरलेल्या वेगाने पुढे जावे, एवढीच अपेक्षा असते. हा फरक वरवर किरकोळ वाटतो, पण चिखलात चाके फिरत राहिली आणि वाहन पुढे सरकेना, की त्याचे महत्त्व उघड होते. कालबद्ध पद्धतीत संदर्भबिंदू, म्हणजे वाहनाने त्या क्षणी जिथे असायला हवे तो बिंदू, वाहनाला सोडून पुढे पळत राहतो, वाढलेले अंतर भरून काढण्यासाठी नियंत्रक, म्हणजे चाकांना आज्ञा देणारी यंत्रणा, आणखी जोर मागतो आणि चाके आणखी घसरतात. मार्गानुसरणात संदर्भबिंदू वाहनाच्या प्रगतीवर अवलंबून असल्यामुळे तोही थांबतो आणि हे दुष्टचक्र सुरूच होत नाही.

जी यंत्रणा आज्ञा मिळताच आधी क्षणभर उलट दिशेला सरकते, तिच्या बाबतीत तर हा फरक सिद्धांताच्या पातळीवरचा आहे. मागून वळणारे वाहन डावीकडे न्यायचे असेल तर त्याचा मागचा भाग आधी उजवीकडे जातो. अशा यंत्रणांना कालबद्ध अनुसरणात ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त अचूकता गाठता येत नाही; तीच मर्यादा मार्गानुसरणात दूर करता येते, हे आगियार, हेस्पान्हा आणि कोकोटोविच यांनी २००५ मध्ये गणिताने दाखवले.

आता वाहन मार्गापासून किती ढळले आहे हे मोजायचे कसे? मार्गावरचा वाहनाला सर्वांत जवळचा बिंदू शोधतात, त्या बिंदूपाशी मार्गाची स्पर्शिका काढतात आणि त्या स्पर्शिकेच्या संदर्भात दोन गोष्टी मोजतात. वाहन रेषेपासून किती आडवे सरकले आहे ही पार्श्व त्रुटी आणि त्याची दिशा स्पर्शिकेपासून किती अंशांनी फिरलेली आहे ही दिशात्रुटी. या मांडणीला एक मर्यादा आहे. मार्ग वर्तुळाकार असेल आणि वाहन नेमके त्या वर्तुळाच्या केंद्राशी असेल, तर सगळेच बिंदू सारख्या अंतरावर असतात आणि 'सर्वांत जवळचा बिंदू' या शब्दांना अर्थ उरत नाही. म्हणून तीव्र वळणांच्या मार्गांसाठी जवळचा बिंदू शोधण्याऐवजी एक काल्पनिक बिंदू मार्गावरून स्वतःच्या नियमाने पुढे नेतात आणि वाहन मागे राहू लागले की त्याचा वेग कमी करतात.

साध्या मोटारीसाठी या दोन त्रुटी नाहीशा करण्याच्या पद्धती चांगल्या स्थिरावल्या आहेत. एका जुन्या पद्धतीत मार्गावर काही अंतर पुढे एक लक्ष्यबिंदू निवडतात आणि वाहनाच्या सध्याच्या दिशेला स्पर्श करून त्या बिंदूतून जाणारा वर्तुळाचा कंस काढतात. लक्ष्यबिंदू वाहनाच्या सरळ रेषेपासून जितका आडवा असेल त्याची दुप्पट घेऊन तिला वाहनापासून लक्ष्यबिंदूपर्यंतच्या अंतराच्या वर्गाने भागले की त्या कंसाची वक्रता, म्हणजे वळण किती तीव्र आहे ते, मिळते. २००५ मध्ये अमेरिकेच्या मोजावे वाळवंटात सुमारे २१२ किलोमीटरची चालकविरहित वाहनांची शर्यत जिंकणाऱ्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या स्टॅनली या गाडीने दुसरा नियम वापरला होता: पुढच्या चाकांचा कोन म्हणजे दिशात्रुटी अधिक एक दुरुस्ती, आणि ही दुरुस्ती पार्श्व त्रुटीला वेगाने भागून ठरते. वेगाने भागणे फार महत्त्वाचे आहे, कारण जोरात धावणाऱ्या गाडीला तेवढ्याच पार्श्व त्रुटीसाठी तेवढाच कोन दिला तर ती मार्ग ओलांडून पलीकडे जाते आणि डावी-उजवीकडे झुलू लागते.

सगळी चाके वळणाऱ्या वाहनाला हे नियम जसेच्या तसे लावता येतात, पण तसे केले तर त्याचा निम्मा उपयोग वाया जातो. साधी मोटार मार्गापासून आडवी सरकली तर तिला आधी अंग तिरके करून मार्गाकडे यावे लागते आणि मग पुन्हा सरळ व्हावे लागते. सगळी चाके सारख्याच कोनात वळवता येणारे वाहन मात्र तोंड जराही न फिरवता तिरके सरकून रेषेवर येते. म्हणून इथे दिशात्रुटीचे दोन भाग करावे लागतात: प्रवासाची दिशा मार्गाच्या स्पर्शिकेशी जुळते का हा एक, आणि तोंड जिकडे हवे तिकडे आहे का हा दुसरा. तोंड कुठे हवे हे काम सांगते. उतारावरच्या शेतात आडवे चालणारे यंत्र गुरुत्वामुळे सतत खाली घसरत असते. त्याची फक्त पुढची चाके वळत असतील तर रेषेवर राहण्यासाठी त्याला कायम उताराच्या वरच्या बाजूला तोंड करून चालावे लागते, आणि मागे जोडलेले अवजार पिकाच्या ओळींवर तिरके पडते. दोन्हीकडची चाके थोडी वर वळवली की घसरण भरून निघते आणि यंत्राचे अंग ओळींना समांतर राहते. अशा कामात पार्श्व त्रुटीइतकेच अंगाच्या कोनालाही महत्त्व असते, म्हणून नियंत्रकाला दोन्ही उद्दिष्टे स्वतंत्रपणे द्यावी लागतात.

मार्गानुसरणाचा नियम शेवटी तीन मागण्या देतो: वाहनाच्या मध्याने किती वेगाने जावे, कोणत्या दिशेने जावे आणि अंगाने किती झपाट्याने वळावे. त्यांतून प्रत्येक चाकाची आज्ञा काढणे हे भूमितीचे काम आहे, आणि मला या विषयातला हा सर्वांत सुंदर भाग वाटतो. कोणतीही ताठ वस्तू सपाट जमिनीवर हलताना प्रत्येक क्षणी कोणत्या तरी एका बिंदूभोवती फिरत असते. त्याला क्षणिक परिभ्रमण केंद्र म्हणतात. सरळ किंवा तिरक्या सरकण्यात हे केंद्र अनंत अंतरावर असते, जागच्या जागी फिरताना ते वाहनाच्या मध्याशी असते. चाक न घसरता लोळायचे असेल तर त्याचा आस या केंद्राकडे रोखलेला हवा. चार जण जड कपाट उचलून वळण घेतात तेव्हा प्रत्येकाची चाल वेगळी असते, पण सगळ्यांच्या मनात वळणाची जागा एकच नसेल तर कपाट कुणाच्या तरी अंगावर येते. चार चाकांची स्थिती तशीच असते.

एक उदाहरण आकड्यांत पाहू. पुढच्या आणि मागच्या चाकांतले अंतर २.८ मीटर आणि डाव्या-उजव्या चाकांतले अंतर १.६ मीटर आहे असे धरू, आणि वाहनाच्या मध्याला ५ मीटर त्रिज्येचे वळण घ्यायचे आहे. फक्त पुढची चाके वळत असतील तर आतल्या चाकाला सुमारे ३५ अंश आणि बाहेरच्याला सुमारे २७ अंश वळावे लागते. पुढची आणि मागची चाके एकमेकांच्या उलट सारखीच वळवली तर परिभ्रमण केंद्र वाहनाच्या मध्याच्या बरोबर बाजूला, ५ मीटरवर येते. आतल्या दोन्ही चाकांना सुमारे १८ अंश आणि बाहेरच्यांना सुमारे १४ अंश पुरतात. मध्याचा वेग सेकंदाला २ मीटर असेल तर आतली चाके सेकंदाला सुमारे १.७७ मीटर आणि बाहेरची सुमारे २.३९ मीटर वेगाने फिरली पाहिजेत. म्हणजे कोन बरोबर असूनही चारही चाकांना एकच वेग दिला, तरी ती एकमेकांशी झगडणारच.

ही भूमिती एका जागी अडते. परिभ्रमण केंद्र नेमके एखाद्या चाकाच्या खाली आले तर त्या चाकाने जागीच थांबायला हवे आणि त्याचा कोन काहीही असला तरी चालतो. पण केंद्र त्या चाकाच्या अगदी जवळून सरकत गेले तर चाकाला क्षणार्धात जवळजवळ अर्धा फेरा वळावे लागते, आणि वळवणाऱ्या मोटरला ते झेपत नाही. नियंत्रक मग दोन उपाय करतो: केंद्राला चाकांच्या आसपासच्या छोट्या वर्तुळात शिरू देत नाही, आणि जिथे १०० अंशांचा कोन हवा असतो तिथे चाकाला उलट बाजूला ८० अंश वळवून उलटे फिरवतो, कारण जमिनीच्या दृष्टीने दोन्ही एकच आहेत. हळू चालणाऱ्या यंत्रमानवांच्या बाबतीत मार्गानुसरणाची बहुतेक अडचण इथेच असते.

वेग वाढला की केवळ भूमिती पुरत नाही. रबरी टायर जमिनीला टेकतो तिथे दबतो आणि ताणला जातो, आणि बाजूचा जोर निर्माण होण्यासाठी चाकाची दिशा व त्याचा प्रत्यक्ष वेग यांत थोडा कोन असावाच लागतो. या घसरकोनाच्या पहिल्या काही अंशांपर्यंत जोर कोनाच्या प्रमाणात वाढतो, मग वाढ मंदावते, शिखर येते आणि त्यापुढे कोन वाढवून काहीच पदरात पडत नाही. या वक्रासाठी नेदरलँड्समधील डेल्फ्टचे हान्स पासेय्का आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकात मांडलेले सूत्र आजही सर्रास वापरले जाते. म्हणजे वेगात असताना चाकांचे आस एका केंद्राकडे तंतोतंत रोखून चालत नाही. प्रत्येक चाकाला हवा असलेला जोर किती, त्यानुसार त्याचा कोन थोडा पुढे-मागे ठेवावा लागतो.

शिवाय प्रत्येक टायरची एकूण ताकद मर्यादित असते. चाकावरचा भार गुणिले घर्षणांक (रस्त्यावरची पकड दाखवणारा आकडा) एवढीच ती असते, आणि ओढणे, ब्रेक लावणे व वळणे या सगळ्यांना ती वाटून घ्यावी लागते. पुढे-मागचा जोर आणि बाजूचा जोर एकमेकांना काटकोनात असल्यामुळे त्यांची मर्यादा ढोबळमानाने वर्तुळासारखी असते: बाजूच्या जोरासाठी ६० टक्के ताकद वापरली तरी पुढे ओढण्यासाठी ८० टक्के उरते, पण ८० टक्के वापरली तर ६० टक्केच. १०० मीटर त्रिज्येच्या वळणावर घर्षणांक ०.९ असेल तर वेगाची मर्यादा ताशी सुमारे १०७ किलोमीटर येते. बर्फाळ रस्त्यावर तो ०.३ झाला तर ताशी सुमारे ६२. सगळी चाके वळवली किंवा सगळी चाके ओढली म्हणून ही मर्यादा वाढत नाही, आणि याबद्दल मनात कोणताही संभ्रम असू नये. फायदा होतो तो या मर्यादेच्या आत चारही चाकांची ताकद सारखेपणाने वापरता येण्याचा.

म्हणून वेगवान वाहनांत नियंत्रणाची उतरंड केलेली असते. वरचा थर मार्गावरची त्रुटी पाहून ठरवतो की एकूण किती जोर पुढे हवा, किती बाजूला हवा आणि अंग वळवायला किती पीळ, म्हणजे फिरवणारा जोर, हवा. मधला थर या तीन मागण्या चार टायरांच्या आठ जोरांत वाटतो. तीन समीकरणे आणि आठ अज्ञाते असल्यामुळे उत्तरे असंख्य असतात. त्यांतून ज्यात प्रत्येक टायर आपल्या मर्यादेच्या शक्य तितक्या कमी प्रमाणात वापरला जाईल असे उत्तर निवडतात. वळणावर ब्रेक लावल्यावर बाहेरच्या पुढच्या चाकावर भार वाढतो आणि आतल्या मागच्या चाकावरचा कमी होतो, म्हणून वाटणीही दर क्षणी बदलावी लागते, आणि हे गणित साधारण दर शतांश सेकंदाला नव्याने सोडवावे लागते. खालचा थर प्रत्येक चाकाच्या मोटरला तो जोर देणारा कोन आणि पीळ प्रत्यक्षात आणायला लावतो. अंग वळवण्यासाठी लागणारा पीळ चाके वळवून मिळवावा की डाव्या-उजव्या चाकांना वेगवेगळा जोर देऊन, हा निर्णयही मधल्या थराचाच असतो. दुसऱ्या मार्गाने प्रतिसाद झटपट मिळतो, पण दीर्घ वळणात एका बाजूने ओढत राहून दुसऱ्या बाजूने रोखणे ऊर्जेच्या दृष्टीने महाग पडते.

वरचा थर केवळ चुकांवर विसंबून राहिला तर उशीर होतो. सेकंदाला २० मीटर वेगाने जाणाऱ्या वाहनाच्या यंत्रणेत दशांश सेकंदाचा विलंब असला तरी तेवढ्यात ते २ मीटर पुढे गेलेले असते. म्हणून पुढे येणाऱ्या वळणाची वक्रता आधीच वाचून चाके वळवायला सुरुवात करतात आणि उरलेली त्रुटी फीडबॅकने मिटवतात. गणनशक्ती पुरेशी असेल तर पुढच्या काही सेकंदांची संपूर्ण हालचाल प्रत्येक पावलाला नव्याने आखतात, त्यातला पहिला तुकडा अमलात आणतात आणि पुन्हा आखतात. मोटरच्या मर्यादा आणि टायरच्या मर्यादा त्या आखणीतच धरता येतात, हा या पद्धतीचा मोठा गुण आहे.

मोजमापाचा प्रश्न याहून अवघड आहे आणि त्याकडे हवे तितके लक्ष दिले जात नाही. जमिनीवरच्या केंद्राकडून दुरुस्ती घेणारा उपग्रह-स्थाननिर्धारक जागा काही सेंटिमीटरपर्यंत सांगतो, जायरोस्कोप वळण्याचा दर सांगतो, पण वाहन तोंडाच्या दिशेपासून किती तिरके सरकत आहे हे थेट सांगणारा साधा, स्वस्त सेन्सर नाही. साध्या मोटारीत हा कोन लहानच असतो असे धरून पुष्कळ काम भागते. इथे तो मुद्दाम मोठा ठेवला जातो. त्यात भर म्हणजे ज्या मोटारीची दोनच चाके ओढतात तिची उरलेली दोन चाके मोकळी लोळतात आणि ती वेगाचे विश्वासू माप देतात; सगळीच चाके ओढत असतील तर सगळीच एकदम घसरू शकतात आणि मग चाकांच्या फेऱ्यांवरून वेग कळत नाही. म्हणून अनेक सेन्सरांची माहिती वाहनाच्या गणिती प्रतिकृतीशी सतत ताडून अंदाज बांधतात. मंगळावरच्या बग्ग्या तर घसरण ओळखण्यासाठी कॅमेऱ्याच्या लागोपाठच्या चित्रांतील दगड-खुणा किती सरकल्या हे मोजतात.

बिघाडाच्या वेळी ही सगळी भूमिती पुन्हा समोर येते. एखाद्या चाकाची वळवणारी मोटर अडकली तर परिभ्रमण केंद्र त्या चाकाच्या आसाच्या रेषेवरच ठेवता येते, म्हणजे वाहनाला अगदी तीव्र वळणे सोडली तर हवी ती वक्रता घेता येते, पण तोंडाची दिशा निवडण्याचे स्वातंत्र्य जाते. दुसरे चाक वेगळ्या कोनात अडकले तर दोन रेषांचा एकच छेदनबिंदू उरतो आणि न घसरता फक्त एकाच त्रिज्येचे वळण शक्य असते. मंगळावरच्या ऑपॉर्च्युनिटी या बग्गीचे उजवे पुढचे चाक २००५ मध्ये सुमारे ८ अंश आत वळलेल्या स्थितीत अडकले. तिची कोपऱ्यांतली चार चाके वळणारी आणि सहाही चाके ओढणारी असल्यामुळे उरलेल्या तीन चाकांनी वळण घेत आणि त्या एका चाकाची थोडी घसरण सोसत ती पुढेही चालत राहिली. २०१७ मध्ये डावे पुढचे चाकही बाहेर वळलेल्या स्थितीत अडकले. ते सरळ करण्यात यश आल्यावर पुढची चाके वळवणे थांबवून मागच्या चाकांनी आणि डाव्या-उजव्या चाकांच्या वेगातल्या फरकाने वळणे घेतली गेली. २०१८ मध्ये संपर्क तुटेपर्यंत तिने ४५ किलोमीटरहून अधिक अंतर कापले होते.